उजवीकडे उभं राहायची तालीम

ओसाकाला सरकत्या जिन्यावर लोक उजव्या बाजूला उभे राहतात आणि डावी बाजू घाईतल्या माणसांसाठी मोकळी सोडतात. टोकियोला म्हणे याच्या बरोबर उलट. मुलीनं ही माहिती काढली त्या दिवशी मी ती वहीत उतरवली आणि पुढे लिहिलं, ‘सराव लागेल.’ आपल्याकडे सरकत्या जिन्यावर कोणी बाजू धरून उभं राहत नाही. पाय ठेवायला जागा मिळाली की आपण उभे राहतो, पिशवी शेजारच्या पायरीवर टेकवतो आणि मागचा माणूस खाकरला तर फक्त वळून बघतो.

मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शिपायांना घेऊन सगळी तालीम करते. कोण कोणत्या दारातून येणार, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुठून कुठे जाणार, घंटा कोण देणार. लोक हसतात. पण परीक्षेच्या सकाळी कोणी कोणाला शोधत फिरत नाही. त्यामुळे आम्ही चौघांनी, म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई यांनी, पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं ठरवलं तेव्हा मी तालमी घेणार हे घरात कोणाला नवीन नव्हतं.

ओसाकाच का, असं नातेवाईक विचारायचे. सगळे दुबईला जातात, नाही तर सिंगापूरला. आमचं ओसाका ठरलं ते यांच्यामुळे. हे हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. त्या मशीनच्या डाव्या अंगाला पत्र्याची छोटी पाटी आहे आणि तिच्यावर मशीन जिथे बनलं त्या शहराचं नाव आहे. शिफ्ट सुरू करताना हे आधी ती पाटी पुसतात, मग बटण दाबतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांनी मला ते नाव सांगितलं होतं. ज्या वयात नवरे हिमालय दाखवायच्या गोष्टी करतात त्या वयात हे मला म्हणाले होते, “जिथलं मशीन इतकं सरळ चालते, तिथले माणसं कसे चालत असतील वं? एक डाव पाहून येऊ.” मुलगी नोकरीला लागली, सासूबाईंचा गुडघा ऑपरेशननंतर नीट वळायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आता जाऊन येऊ.

तालमी खरं तर सासूबाईंसाठी होत्या. त्यांचं अर्धं आयुष्य उमरेडला गेलं आणि नंतरचं सक्करदऱ्याला माझ्या दिराकडे. आमच्याकडे मनीषनगरला त्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून राहायला आल्या. गर्दीच्या स्टेशनात त्या हरवल्या तर काय, ही मला एकच काळजी होती. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही घराजवळून मेट्रोत बसायचो, सीताबर्डीला उतरायचो, तिथे जिन्यानं वरखाली करून हिंगण्याकडे जाणारी दुसरी गाडी धरायचो आणि तसेच परत यायचो. नियम मी ठरवले होते. सगळ्यांनी एकाच दारानं उतरायचं. कोणी गाडीत राहिलं तर त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून जागचं हलायचं नाही. ताटातूट झाली तर ठरलेल्या खांबापाशी यायचं.

सासूबाई पहिल्याच रविवारी पास झाल्या. मी त्यांना मुद्दाम मागे सोडलं आणि मुलीला घेऊन खांबापाशी जाऊन उभी राहिले. पाणी प्यायला वेळ लागतो तेवढ्यात त्या समोर हजर.

“कोणाला विचारलंत?” मी म्हटलं.

“झाडणाऱ्या बाईले.”

“आई, ओसाकात तुमची भाषा कोणाला कळणार?”

“मी कुठं भाषेत विचारून राहिलो वं? हातानं विचारतो. खांब म्हटलं का हात वर केला.” आणि त्यांनी तो तसा करूनही दाखवला.

“आजी, जपानमध्ये हे केलं ना, तर लोक तुला टॅक्सी आणून देतील,” मुलगी म्हणाली.

“देऊ दे. टॅक्सीनं येईन. तुमच्या पहिले पोचीन.”

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. एकीकडे घरात तयारी. प्रत्येकाच्या जॅकेटच्या आत मी हॉटेलच्या पत्त्याचा कापडी तुकडा शिवून टाकत होते. हे शेजारी बसले होते. म्हणाले, “दे, सुईत दोरा ओवून देतो.” सासूबाई कोपऱ्यातून उठल्या आणि यांच्या हातातून सुई काढूनच घेतली. ही आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे. यांच्या हातात सुईदोरा दिसला की त्या अस्वस्थ होतात. शर्टाचं बटण तुटलं तर ते मी लावायचं, मी नसेन तर त्या लावणार. साठीकडे चाललेल्या मुलाला सुईपासून जपणारी आई म्हणून मुलगी त्यांची खूप चेष्टा करायची. मीही ते त्यांच्या स्वभावात टाकून दिलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी यांची पाळी होती. आम्ही तिघी खांबापाशी येऊन थांबलो. गर्दी म्हणावी अशी नव्हती. हे जिन्यावरून उतरले, सरळ आमच्या दिशेनं चालत आले आणि आमच्या समोरून, अगदी हातभर अंतरावरून, निघून गेले. मुलगी हात हलवत होती. तिची बोटं जवळजवळ यांच्या बाहीला लागली. चेहऱ्यावर ओळख नाही, थट्टा नाही, काही नाही. अनोळखी माणसं एकमेकांच्या बाजूनं जातात तसे गेले.

“ओ बाबा!” मुलगी ओरडली. “ओसाकात असं केलं तर तुम्हाला तिथंच सोडून येऊ हं!”

हे थांबले आणि वळले. नुसती मान वळवली नाही, सगळं अंग वळवलं. आम्ही दिसल्यावर हसले. “पाहून राहिलो होतो, हाका मारता का नाही ते.”

मुलगी हसली, मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या पदर नीट करत होत्या आणि यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. परत जाताना त्यांना बसायला जागा मिळेल अशा डब्यात मी सगळ्यांना चढवलं.

त्यानंतरच्या दिवसांत घरात काही ना काही होत राहिलं. जेवताना पाण्याचा पेला सांडायचा, तो मी ताटाच्या डावीकडून उजवीकडे ठेवायला लागले. स्वयंपाकघरात कपाटाचं दार उघडं राहिलं की ते यांच्या कपाळाला लागायचं, त्याला मी चुंबक बसवून घेतला. मोटरसायकलचा डावा आरसा फुटला. यांनी सांगितलं, पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी पाडली. मी नवीन बसवून आणला, तोही फुटला. दुपारची शिफ्ट यांनी एका सोबत्याशी बदलून घेतली आणि दिवेलागणीच्या आत घरी यायला लागले. “जायची तयारी करायची हाय ना,” म्हणाले. मला बरंच वाटलं. प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे उपाय होता आणि उपाय चालत होते.

सासूबाई मात्र गप्प झाल्या होत्या. तालमीला यायच्या, नियम पाळायच्या, पण टॅक्सीच्या गोष्टी बंद. गाडीत त्या यांच्या समोरची जागा धरायच्या. खिडकीबाहेर बघायच्या नाहीत.

मग आम्ही सरकत्या जिन्याची तालीम सुरू केली. मी सगळ्यांना एकामागे एक उजव्या कठड्याला धरून उभं केलं. डावी बाजू मोकळी. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की ती वापरणारे लगेच भेटतात. पाठीवर बॅग लावलेला एक तरुण डाव्या बाजूनं धडधडत वर गेला. त्याची बॅग यांच्या खांद्याला नुसती घासली असेल. हे असे दचकले की दोन्ही हातांनी कठडा पकडला आणि डोकं त्याच्यावर टेकवलं. वर आलो तेव्हा यांचा चेहरा उतरला होता.

“कुठून आला थो?”

“मागून, बाबा,” मुलगी म्हणाली. “सगळे तिथूनच येतात. त्यांच्यासाठीच तर ती बाजू आहे.”

“सांगून यायचं ना मंग.”

“ओसाकात काय पत्र पाठवून येतील?”

पुढच्या फेरीला हे डाव्या कठड्याला जाऊन उभे राहिले. मी हाताला धरून उजवीकडे आणलं. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा डावीकडे. मला राग यायला लागला. कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं बैठक क्रमांक सोडून खिडकीपाशी बसतात, तसं वाटलं.

“नियम काय आहे?” मी म्हटलं.

“नियम माहीत हाय मले.”

“मग?”

“मले इकडंच बरं वाटते.”

डाव्या कठड्यापाशी उभं राहिलं की त्या बाजूनं कोणी येऊ शकत नाही. ते मला तेव्हा सुचलं नाही. सासूबाईंना सुचलं असावं. त्या जिन्याच्या खालीच थांबल्या. म्हणाल्या, “बस झालं आज. घरी चला.” त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी वही पर्समध्ये टाकली आणि आम्ही परत फिरलो.

त्याच आठवड्यात व्हिसासाठी फोटो काढायचे होते. हे मुलीला मागे बसवून मोटरसायकलनं निघाले आणि लगेच परत आले. मुलीच्या सलवारला दुधाचे शिंतोडे होते. हे बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मुलगी स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली.

“दूधवाल्याची सायकल पडली,” ती म्हणाली. “त्याला लागलं नाही फार. कोपर खरचटलं. कॅन उलटे झाले सगळे.”

“मध्ये आला असेल.”

“आई, नाही.” ती दाराकडे बघून हळू बोलायला लागली. “तो मध्ये नाही आला. तो आमच्या डाव्या बाजूनं बराच वेळ चालला होता. मी त्याच्याकडेच बघत होते. आणि बाबांनी गाडी सरळ त्याच्यावर वळवली. तिथे कोणी नव्हतंच, अशी वळवली. मी ओरडले तेव्हा मला म्हणतात, काय झालं? तो माणूस खाली पडलेला, दूध वाहून राहिलं, आणि बाबा विचारतात काय झालं.”

बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला. “थो मधीच आला वं. सायकलवाल्याईले कुठं समजते.”

फोटो राहिले. दुपारी जेवणं झाल्यावर मुलीनं टीव्हीवर ओसाकाचा एक व्हिडिओ लावला. कोणीतरी कॅमेरा हातात घेऊन नुसतं बाजारातून चालत जातं, बोलत काही नाही, तसा. तिला घरातलं वातावरण हलकं करायचं होतं. हे खुर्ची पुढे ओढून बसले. दुकानांच्या पाट्या, कंदील, भजी तळणारा माणूस, छत्र्या घेतलेल्या बायका. यांचा चेहरा खुलला. “पाय ना, एकजण बी धक्का मारून नाही राहिला,” म्हणाले.

मी भांडी पुसत दारात उभी होते. सासूबाई यांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी आपल्या उजव्या हातातल्या बांगड्या डाव्या हातानं घट्ट आवळून धरल्या. वाजू नयेत म्हणून. मग तो उजवा हात त्यांनी हळूहळू वर आणला, यांच्या कानाजवळ नेला आणि पंजा उघडला. हे ओसाका बघत होते. हात कानावरून गालापाशी आला. हे बघत होते. सासूबाईंनी बोटं हलवली. दाढीचे खुंट बोटांना लागतील इतका हात जवळ होता, आणि समोर टीव्हीवर कोणीतरी कॅमेरा घेऊन एका पुलावर चढत होतं आणि यांच्या ओठांवर हसू होतं.

हात जवळजवळ नाकापुढे आला तेव्हा हे मागे सरकले. “काय वं माय, माशी होती का?”

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “होती.”

त्या उठल्या आणि माझ्या बाजूनं स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी तांदळाचं ताट घेतलं होतं, निवडलेल्याच तांदळाचं, आणि ते पुन्हा निवडायला बसल्या.

“याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिले लोटा लवंडे. मंग दाराले खांदा लागे. मंग गल्लीतल्या माणसाईले ओळख देईना, तं लोक म्हणे याले घमंड आली.”

सासरे उमरेडचे विणकर होते, रेशीमकाठी लुगडी विणायचे. हे शाळेत असतानाच त्यांची नजर गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ओट्यावर बसलेले असायचे आणि पावलांवरून माणूस ओळखायचे. घरात सगळे एकच सांगायचे. बारीक धागा, अंधारी खोली, दिवसभर मान खाली. मागानं डोळे खाल्ले. मीही तेच ऐकत आले होते आणि मुलीलाही मी तेच सांगितलं होतं.

“त्यांची नजर मागावर गेली ना, आई?” मी म्हटलं.

“आमी तसंच म्हणत होतो.” त्यांची बोटं तांदळात थांबली. “म्हणून तं म्या माग तोडला. पोराच्या डोळ्यासाठी. चुलीत घातला सारा, एक दांडी ठेवली नाही. दीर म्हणे ईक, चांगलं लाकूड हाय. म्या म्हटलं, ईकला तं दुसऱ्याचं घर खाईन. याले धाग्याले हात नाही लावू देला म्या. सुईले नाही.” मग त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. “आता तू मले सांग. आपल्या घरात माग कुठाय?”

मी दुसऱ्या दिवशीची डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घेतली.

हे यायला तयार नव्हते. कारखान्यात दरवर्षी डोळे तपासतात, मी शेवटची ओळ वाचून दाखवतो, असं म्हणाले आणि ते खरंही होतं. भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन मुलीनं खालची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. यांनी न अडखळता वाचली. तिथींसकट.

“आता सांगा,” हे म्हणाले.

“तरी चला,” मी म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, मीही येतो. मुलगीही आली. तालमीला निघावं तसे चौघं निघालो. मोटरसायकलची किल्ली मी आदल्या दिवशीच उचलून ठेवली होती, आणि यांनी ती मागितली नाही.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. यांना एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, एक डोळा झाकला आणि हातात बटण दिलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आत कुठेही बारीकसा उजेड चमकला की बटण दाबायचं. मला कोपऱ्यात बसायची परवानगी होती. मी परीक्षांच्या खोल्यांत पुष्कळ बसले आहे, शांततेची मला सवय आहे. बटण टक् वाजे, टक् वाजे. मग वाजत नसे. यंत्र आपलं घुं घुं करत चालू असे, म्हणजे आत कुठेतरी उजेड चमकत असणार, एकीकडे, मग दुसरीकडे. यांचा अंगठा बटणावर तयार होता. मला तो दिसत होता. तो हलत नव्हता.

“संपलं का?” यांनी मध्येच विचारलं.

“चालू आहे,” तिथली मुलगी म्हणाली. “समोर बघा, काका.”

डॉक्टर वयानं लहान होत्या. त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवला. दोन गोल होते. डावा जवळजवळ सगळा काळा, मध्ये थोडीशी पांढरी जागा. उजव्यात एका कडेनं काळं आत येत होतं. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो, नस सुकते. दुखत नाही. कडेची नजर आधी जाते आणि मधली सगळ्यात शेवटी, म्हणून अक्षरं वाचता येतात.

“पण मले काळं कुठंच दिसत नाही,” हे म्हणाले.

“काळं दिसत नाहीच. जे गेलं तिथे काही नसतं. आणि काही नाही हे आपल्याला कळत नाही.” मग त्यांनी विचारलं, “घरात अजून कोणाला?”

“बाबाले होतं. म्हणजे नजर गेली होती. पण त्यायची मागावर गेली. विणकर होते.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान हलवली. “विणकामानं काचबिंदू होत नाही. हा घराण्यात येतो.”

सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत होत्या. आमचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

“मंग म्या माग काहून जाळला?” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. यांनी सगळं अंग वळवून आईकडे पाहिलं.

मग राहिलेलं सगळं डॉक्टरांनी भराभर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची आहे. थेंब रोज, एकही वेळ चुकवायची नाही. दाब उतरला नाही तर शस्त्रक्रिया. मोटरसायकल बंद. मशीन बंद. शेवटी डॉक्टर आमच्या मुलीकडे वळल्या. “तुमचेही डोळे तपासून घ्या. आणि यापुढे दरवर्षी.”

“माझे चांगले आहेत,” मुलगी म्हणाली.

“बाबांनीही तेच सांगितलं होतं,” डॉक्टर म्हणाल्या.

यांनी एकच प्रश्न विचारला. “ओसाका?”

थेंबांनी दाब उतरला तर जाता येईल, असं उत्तर मिळालं. जिन्यांवर जपा. आणि उरलेलं किती वर्षं टिकेल, हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “थेंबांवर आहे.” मी पेन तसंच धरून बसले.

कारखान्यानं यांना मशीनवरून काढून स्टोअरला दिलं. आता कंपनीच्या बसनं जातात. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा मी चहा दिला, उजवीकडून. म्हणाले, “पाटी पुसून आलो आज शेवटची. तुले सांगू का, थे पाटी मले लय दिवसांपासून दिसतच नव्हती. हात आपला बरोबर तिथं जाये. मले वाटे, मशीनपाशी उजेड कमी झाला.”

“मग सांगितलं का नाही कोणाला?”

“काय सांगू? उजेड कमी हाय म्हणून तक्रार केली होती ना. त्यायनं नवीन ट्यूब लावली.”

दाब थोडा उतरला आहे. थेंबांच्या बाटल्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची इंग्रजी प्रत सोबत, जास्तीची बाटली माझ्या बॅगेत. तिकिटं निघाली आहेत. मुलीची तपासणी मात्र पुढे जाते आहे. एकदा ऑफिसचं काम निघालं, एकदा मैत्रिणीचं लग्न. “परत आल्यावर करू ना, आई,” असं ती म्हणते आणि खोलीत निघून जाते. मी दर वेळी नवीन वेळ घेते.

परवा दुपारी मी भाजी घेऊन घरी आले. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. हे बाहेरच्या खोलीत होते. डोळे मिटलेले, डावा हात भिंतीवर. बोटांनी भिंत चाचपत ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, चौकट हातानं पाहिली, वळले आणि गॅलरीकडे निघाले. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या, खोलीत लख्ख ऊन.

“काय करून राहिले?” मी म्हटलं.

हे थांबले, पण डोळे उघडले नाहीत. “तालीम,” म्हणाले. “आन टिपॉय जागेवर नाही तुया.”

त्यांना लागू नये म्हणून टिपॉय मीच भिंतीशी सरकवून ठेवला होता. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि तो जिथे होता तिथे परत आणून ठेवला. यांनी गुडघ्यानं त्याची कड शोधली, वळसा घातला आणि पुढे गेले.

काल रविवार. आम्ही पुन्हा सीताबर्डीला गेलो. नियम मी बदलला आहे. हे उजव्या कठड्याला उभे राहणार आणि मी यांच्या शेजारी, डावीकडे, वाट अडवून. घाईतल्या माणसानं मागे थांबावं. ओसाकातही थांबावं. आमच्या मागच्या पायरीवर मुलगी, तिच्या मागे सासूबाई. मुलीचं फोनवर बोलून झालं होतं आणि ती वर, जिना संपतो तिथल्या पाटीकडे बघत होती.

मी सहज मागे वळले. सासूबाईंनी एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट आवळून धरल्या होत्या. मुलीच्या डाव्या कानाच्या बाजूनं त्यांचा पंजा हळूहळू पुढे येत होता.

“आजी, हात खाली घे,” मुलगी समोर बघतच म्हणाली. “दिसतोय मला.”

सासूबाईंनी हात खाली घेतला नाही. थोडा मागे नेला.

जिना संपत आला होता. “पाऊल उचला,” मी यांना म्हटलं. यांनी उचललं. मागून सासूबाईंचा आवाज आला, “आन आता?”

मी तिथेच, जिन्याच्या तोंडाशी, उत्तरासाठी थांबले.